शेवटी उरणारे दोघे

हिंगोली
१९ नोव्हेंबर १९९५

प्रिय भिया,

हे पत्र मिना वाचून दाखवेल. ती पाचवीत आहे आणि जोडाक्षरांना अडखळते, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. मराठीतलं आपल्या गोरमाटीत करून सांगताना तिच्याकडून काही कमीजास्त झालं, तर ते माझंच चुकलं असं समज.

गेल्या रविवारी तांड्यावर साक्षरता वर्गाचा समारोप होता. तालुक्याची माणसं मी घेऊन आलो होतो. ‘हरिचंद नाईक तांडा, शंभर टक्के साक्षर’ असा कापडी फलक मीच रंगवून आणला होता. त्यावर पहिली सही माझ्या मोठ्या भावाची होणार, हेही मीच ठरवलं होतं. तुला विचारलं नव्हतं. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या माणसाचा सख्खा भाऊ अंगठा लावतो, याची मला लाज वाटते. हे मी तिथे बोललो नाही, पण तू ओळखलंस.

तू ब्रश बाजूला ठेवलास, रंगाच्या डब्यात अंगठा बुडवलास आणि ‘शंभर’ शब्दाच्या शेजारी उमटवलास. माणसं हसली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, तीन महिने वर्ग चालवला तो काय गुरांसाठी?

तू शांतपणे म्हणालास, “येका घरात येकानं लिवलं तरी बस झालं. तुला येतंय ना? मंग.”

मी माफी मागतो. फलकाबद्दल नाही, त्या ‘गुरं’ शब्दाबद्दल. तुझ्या बाबतीत हा शब्द माझ्या तोंडून दुसऱ्यांदा निघाला. मिना, हे वाक्य वाचून दाखव. त्यांना कळेल.

उत्तर पाठव. मिनाला सांगून दोन ओळी लिहून घे.

तुझा,
प्रेमदास

हिंगोली
२२ जून २००३

प्रिय भिया,

त्यानंतर मी तुला सात पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. मधल्या काळात हिंगोलीचा जिल्हा झाला, आपली आई, याडी गेली. याडीला खांदा देताना आपण शेजारी होतो, तेव्हाही बोललो नाही. ही तक्रार म्हणून लिहीत नाही. (तक्रारच आहे. खोडत नाही.)

काल मिनाचं पत्र आलं. बारावीचे गुण पाहून मी कॉलेजात दोघांना पेढे दिले. मेडिकलला तिचा नंबर लागेल, पण वीस ऑगस्टच्या आत जात पडताळणीचं प्रमाणपत्र हजर केलं तरच जागा टिकेल. समितीला वडिलांच्या बाजूची शाळेची जुनी नोंद हवी आणि ज्याची नोंद आहे त्याने शपथेवर दिलेली वंशावळ हवी. तिने लिहिलंय, “बाबा शाळेत गेलेच न्हाईत, म्हणून काका, तुमचीच नोंद लागते.” तिला सांग, काका करतील. याच आठवड्यात शाळेच्या रजिस्टरचा उतारा काढतो.

मिना, तू विचारलंस की काका एवढ्या वयात कशाचा अभ्यास करून राहिले. वंशावळीवरूनच सांगतो, म्हणजे तुझ्या बाबांनाही कळेल.

आपल्या पिढ्या म्हणणारा मोहनसिंग ढाडी आठव. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एका पिढीतली माणसं एका ओळीत मांडायची. दोघांमधलं अंतर म्हणजे त्या दोघांचा एकच पूर्वज सापडेपर्यंत किती पिढ्या वर चढावं लागतं तो आकडा. तुझे बाबा आणि मी आमच्या वडिलांपाशी, पेमापाशी भेटतो, म्हणून आमच्यातलं अंतर एक. केशरबाई काकीचा दगडोबा आमचा चुलतभाऊ, तो आम्हाला आज्यापाशी भेटतो, म्हणून अंतर दोन. आता कोणीही तिघं घे. त्यांच्यातल्या तीन अंतरांपैकी मोठी दोन नेहमी सारखीच निघतील. दगडोबा तुझ्या बाबांपासून दोन, माझ्यापासूनही दोन. चुलतभावाला दोन सख्ख्या भावांतला एक जवळचा आणि एक लांबचा, असं होत नाही. अशा मांडणीला अल्ट्रामेट्रिक अवकाश म्हणतात. माणसं मोजकी असली की सांत अवकाश.

मला त्याचा ताठपणा तपासायचा आहे. कोणत्याही दोघांनी जागा बदलल्या की कुठलं तरी अंतर बिघडतंच, असं असेल तर ते अवकाश ताठ. तुला एक कोडं घालतो. असं एक घराणं मांडून दाखव की ज्यात कोणाचीच अदलाबदल करता येणार नाही. सवडीने सोडव, आधी फॉर्म भर.

तुझ्या बहिणीला, संगितालाही आशीर्वाद. दहावीनंतर तिने शाळा का सोडली हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तुझा,
प्रेमदास

वहीत. पाठवायचं नाही.
२९ जून २००३

भिया, हे मी तुला लिहितो आहे, पण मिनाच्या तोंडून तू हे ऐकावंस असं मला वाटत नाही. म्हणून वहीत.

आज तांड्यावरच्या शाळेत गेलो होतो. तुझ्या घरावरून न जाता ओढ्याच्या अंगाने गेलो, तसाच परतलो. हेडमास्तर तरुण आहेत. त्यांनी पहिलं रजिस्टर पुसून टेबलावर ठेवलं. नोंद चौदावी, जून १९६१. प्रेमदास पेमा आडे, बंजारा, जन्म १ जून १९५३. समोर शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींच्या हातचं लाल शाईतलं, पुढच्या वर्षीच्या जुलैतलं वाक्य आहे: ‘धाकटा भाऊ जगन, मामाकडे डोंगरकडा येथे. दाखल नाही.’

हेडमास्तर खूश झाले. म्हणाले, सर, दोघा भावांचा पुरावा एकाच ओळीत मिळाला, समितीला आणखी काय पाहिजे. मी झेरॉक्स घेऊन आलो.

जे आपल्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नाही ते एकदा सरळ लिहून बघतो. प्रेमदास तू आहेस. जगन मी आहे.

त्या जूनमध्ये बापूने तुझं नाव घातलं. तू आठ वर्षांचा, मी सहाचा. तू पाच-सहा आठवडे शाळेत गेलास. मग सिद्धेश्वरच्या धरणावर मातीकाम निघालं आणि बापू, याडी, तू बैल घेऊन तिकडे गेलात. मी भागूबाई मावशीकडे राहिलो. नाव कटू नये म्हणून मावशीने मला तुझ्या जागी नेऊन बसवलं. गुरुजी नवे होते, पोरांची तोंडं त्यांच्या ओळखीची झाली नव्हती आणि शाळा त्याच साली उघडलेली. प्रेमदास म्हटलं की मी ‘हजर’ म्हणायचं, एवढंच. घरात आपल्याला नावाने कोणी हाक मारतच नव्हतं. तू मोठा, मी बारका. ढाडीसुद्धा आपल्यापाशी आला की ‘पेमाचे दोन’ एवढंच म्हणून पुढे जायचा. पुढे रेशनकार्ड करणाऱ्याने विचारलं, तेव्हा प्रेमदास शाळेत अडकलेलं होतं, म्हणून तुला उरलेलं नाव मिळालं.

इथवर सगळं मोठ्यांनी केलेलं आहे. इथवरचं मी कोणालाही सांगू शकतो. लाल शाईतली ओळ मात्र मी लिहवून घेतली आहे. त्याबद्दल आज नाही.

आता अडचण अशी आहे. रजिस्टरप्रमाणे जगन धाकटा. मतदार यादीत जगन एक्कावन्न वर्षांचा आणि माझ्या दाखल्यावर मी पन्नासचा. हे समितीच्या डोळ्यांतून सुटणार नाही. खरं लिहून दिलं तर माझं मॅट्रिकचं प्रमाणपत्र, पदवी, बावीस वर्षांची नोकरी, सगळं दुसऱ्याच्या नावावर केलेलं ठरतं. खोटं लिहून दिलं आणि ते पकडलं गेलं, तर मिनाची जागा जाते.

तिसरा रस्ता शोधतो आहे. तो शोधतो आहे हीच माझी ओळख आहे, असं आत्ता वाटलं.

हिंगोली
९ जुलै २००३

प्रिय भिया,

आधी मिनाला. तुझं उत्तर बरोबर आहे, आणि मी शिकवलेलं नसताना तू सिद्धता लिहिलीस. इथे पुन्हा उतरवतो. सगळ्यांत कमी अंतर असलेले दोघे निवडायचे. मग तिसरा कोणीही घेतला, तरी त्या तिघांतलं लहान अंतर या दोघांमधलंच. म्हणजे उरलेली मोठी दोन सारखी. म्हणजे प्रत्येक तिसरा माणूस या दोघांपासून सारख्याच अंतरावर. म्हणून दोघांची अदलाबदल केली तर कोणाला काही कळणार नाही. पूर्ण ताठ घराणं नसतंच. कितीही ताठ मांडलं तरी एक जोडी हलती राहते. बाकीचे सगळे जागच्या जागी राहून हलणारी अशी एकच जोडी कोणत्या घराण्यांत असते, ते मी शोधतो आहे.

तुझं शेवटचं वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. “काका, कसं बी मांडलं तरी शेवटी दोघं उरतातच. आपल्या घरात ते तुमी नि बाबा.” हे तुला कसं सुचलं? कोडं म्हणूनच सुचलं ना?

भिया, आता कामाचं. मतदार यादीत तुझं वय चुकलेलं आहे. कारकून काहीही लिहितात. रजिस्टरमध्ये जगन धाकटा आहे, त्याला धरून तुझं एक प्रतिज्ञापत्र करू. तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, एवढंच त्यात लिहायचं. कागदापुरतं. सोळा तारखेला, बुधवारी, अकरा वाजता तालुक्याच्या कचेरीसमोर ये. मी तिथे असेन. मिनाला आणू नकोस, तिचा अभ्यास मोडेल.

तुझा,
प्रेमदास

वहीत. पाठवायचं नाही.
१७ जुलै २००३

तू माझ्या आधी येऊन थांबला होतास. धुतलेला सदरा, डोक्याला पागोटं. मी जवळ आलो तेव्हा उठून उभा राहिलास. मोठा भाऊ धाकट्यासाठी उठून उभा राहतो, हे मला तेव्हा खटकलं नाही, घरी आल्यावर खटकलं.

अर्ज लिहिणाऱ्याने टाइप केलेलं वाचून दाखवलं. “मी, जगन पेमा आडे, वय वर्षे सत्तेचाळीस, प्रेमदास पेमा आडे यांचा धाकटा भाऊ.” मग चष्म्यावरून तुझ्याकडे बघून म्हणाला, “चाचा, सत्तेचाळीसमध्ये एवढे पांढरे? कलप तरी लावून यायचं.” तू म्हणालास, “उन्हात राहून राहिलो, साहेब. भाऊ सावलीत असतो.” तो हसला. मीही हसलो. तू अंगठा लावलास, फडक्याने पुसलास, आणि पुसताना अंगठ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंस.

नंतर हॉटेलात चहा घेतला. आठ वर्षांनी आपण समोरासमोर बसलो होतो. मी विचारलं, तुला हे चालतं ना?

“पोरीचं काम व्हय ना? मंग मी लहान तर लहान.” मग बशीतला चहा संपवलास. नंतर म्हणालास, “तसं बी तू कवाच मोठा झाला.”

रागाने बोलला असतास तर बरं झालं असतं. तू हिशोब सांगावा तसं बोललास.

परत येताना बसमध्ये स्वतःला समजावत होतो. मिनाची सिद्धताच वापरली. आपण दोघे जवळचे बिंदू. आपण जागा बदलल्याने कोणाचं कोणाशी अंतर बदललं? दगडोबाचं नाही, मावशीचं नाही, कोणाचंच नाही. मग पाप कुठे आहे?

रात्री मिनासाठी वंशावळ पक्की करायला बसलो आणि पेन थांबलं. आपल्या पिढीची ओळ मांडली तरच हे खरं आहे. आता खाली आणखी एक ओळ आहे. तुझ्याखाली मिना आणि संगिता आहेत. माझ्याखाली कोणी नाही, आम्हाला मूल झालं नाही. आज आपल्याला उलटं ठेवलं तर तुझ्या मुली माझ्याखाली येतात. एकसष्ट साली आपली अदलाबदल होऊ शकत होती. मिना जन्मली त्या दिवशी ती मुभा संपली. मी बावीस वर्षं गणित शिकवतो आणि सतरा वर्षं जुन्या आकृतीवर विसंबून आहे.

शिवाय, ज्याला वाचता येत नाही अशा माणसाकडून मी खोट्यावर अंगठा घेतला आहे. हे वाक्य गणिताशिवायही खरं आहे.

आणि अजून मी काहीच केलेलं नाही. समितीचा माणूस तांड्यावर चौकशीला जाणार, एवढं कळलं आहे. मी वाट बघतो आहे. कशाची, ते लिहवत नाही.

हिंगोली
६ ऑगस्ट २००३

प्रिय भिया,

मिना, हे पत्र मोठ्याने वाच. एकही ओळ गाळू नकोस. संगिताला आणि वहिनींनाही बसव. मध्येच तुला थांबावंसं वाटेल, तरी थांबू नकोस.

मिना, तुझं पत्र परवा मिळालं. समितीचा माणूस येऊन गेला आणि त्याने केशरबाई काकीला विचारलं, यांच्यात धाकटा जगन ना? काकी म्हणाली, “मोठ्याला म्या कडेवर घेतलं. बारक्याला मोठ्यानं घेतलं. आता तुमचा कागद उलटा धरला का तुमी, ते बघा.” सगळे हसले आणि त्याने ते लिहून घेतलं. आता बारा तारखेला सुनावणी आहे, आणि नोटिशीत लिहिलंय की वंशावळीचं प्रतिज्ञापत्र संशयास्पद आहे, अर्ज का फेटाळू नये.

दुसरी गोष्ट तू जाता जाता लिहिलीस. त्याने घरात ठेवलेली तुरीची पोती बघितली. प्रत्येकावर गेरूने ‘प्रेमदास’ लिहिलेलं. हे कोणी लिहिलं, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, पोरींनी. तू लिहिलंस, “बाबा खोटं बोलले काका. आमी नाही लिहित. दर साली बाबाच लिहितात, बाजारात पोती मिसळू नये म्हणून. मला लहानपणापासून वाटायचं, भावावर किती माया आहे यांची, की सवताचं सोडून तुमचं नाव टाकतात. पण लिहिता येतं तर सही काहून करत न्हाईत?”

मिना, ते माझं नाव नाही. तुझ्या बाबांचं आहे. प्रेमदास पेमा आडे म्हणजे तुझे बाबा. मी जगन. एकसष्ट साली शाळेत त्यांचं नाव घातलं होतं. ते पाच-सहा आठवडे शाळेत बसले आणि तेवढ्यात स्वतःचं नाव लिहायला शिकले. नंतर ते धरणावर माती वाहायला गेले आणि त्यांच्या जागेवर मला बसवलं. ते मोठ्यांनी केलं. पुढचं मी केलं, ते ऐक.

भिया, पुढच्या वर्षी बापूने तुला धरणावरून परत पाठवलं. गुरुजींना आठवडी बाजारात गाठून त्याने सांगितलं होतं की दुसरं पोरगं पण पाठवतो. तू धुतलेला सदरा घालून शाळेच्या भिंतीशी उभा होतास. गुरुजींनी मला विचारलं, तुझा भाऊ येणार होता, कुठे आहे? मी सात वर्षांचा होतो, पण मला सगळं समजत होतं. तू आत आलास तर नाव तुला परत द्यावं लागेल, हे समजत होतं. दुसरंही नाव घालता येतं, हे समजत नव्हतं. की समजत होतं? इतक्या वर्षांत मला हे ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, माझा धाकटा भाऊ जगन मामाकडे गेला, डोंगरकड्याला.

गुरुजी म्हणाले, मग बाहेर तो कोण उभा आहे?

मी म्हणालो, तो गुरं राखायला आलाय.

दार उघडं होतं. तू ऐकलंस. मी वळून बघितलं तेव्हा भिंतीशी कोणी नव्हतं. संध्याकाळी तू घरी आलास आणि काही बोलला नाहीस. त्या दिवशी मी तुझं नाव घेतलंच, वर माझं नाव तुझ्या गळ्यात घातलं. गुरुजींनी ते लाल शाईने लिहून ठेवलं.

फलकावर तू अंगठा का लावलास, ते मला तुझी पोती बघणाऱ्या परक्या माणसामुळे कळलं. तुला एकच शब्द लिहिता येत होता, आणि तो सगळ्यांसमोर लिहिला असतास तर मी उघडा पडलो असतो. प्रत्येक कागदावर, सोसायटीत, रेशनला, परवाच्या कचेरीत, लिहिता येत असून तू अंगठा लावत आलास. आणि मी तुला विचारलं, वर्ग काय गुरांसाठी?

काल मी आधीचं प्रतिज्ञापत्र मागे घेतलं. नवं केलं, त्यात वर लिहिलेलं सगळं आहे. प्राचार्यांना एक प्रत दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, सर, याची गरज होती का? मी म्हणालो, माहीत नाही. मिनाची जागा याने वाचेल की जाईल, तेही मला माहीत नाही. खोट्याने ती नक्की जाईल, एवढंच कळतं. माझ्यामुळे गेली तर तू मला काहीही म्हण. काही म्हटलं नाहीस तर ते मला जास्त जड जाईल.

बारा तारखेला ये. समितीसमोर नव्या कागदावर दोघांच्या सह्या लागतील. अंगठा लावू नकोस.

तुझा,
बारका

हिंगोली
२४ ऑगस्ट २००३

भिया,

तू तिथेच होतास, मग काय झालं ते तुला कशाला लिहायचं? पण सही करताना तू कागदाकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. ते तुला माहीत नसणार. शिवाय मिना म्हणते, बाबांना सुनावणीतलं मराठी निम्मंच कळलं. म्हणून तिने पुन्हा वाचून दाखवावं.

अध्यक्षांनी जुनं रजिस्टर मागवलं होतं. त्यांनी माझा कागद वाचला. मिनाला विचारलं, तुला हे माहीत होतं का? ती म्हणाली, परवा समजलं, पत्रात. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “सख्ख्या दोघा भावांतला कोण प्रेमदास आणि कोण जगन, याने मुलीची जात बदलत नाही. उलट आता तिच्या स्वतःच्या वडिलांची नोंद हातात आली. आधीच हे सांगितलं असतं तर नोटीस निघालीच नसती.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचा प्रश्न वेगळा आहे. तो आमच्याकडे नाही.”

चाळीस वर्षं मी ज्याला भीत होतो, ते सांगून मिनाचं काहीच बिघडलं नाही. बिघडत होतं ते लपवल्यामुळे. दोन बिंदूंची जागा बदलल्याने अंतरं बदलत नाहीत, हे त्या माणसाने गणित न शिकता सांगितलं. ते मलाच का सुचलं नाही, याचं उत्तर मला ठाऊक आहे. मला मिनाची काळजी होतीच, पण तिच्या आड मी माझी काळजी उभी केली होती.

मग तुला पेन दिलं. तू ते गेरूची काडी धरावी तसं मुठीत धरलंस. ‘प्रे’ काढताना जीभ ओठांत धरलीस. ‘म’चा कणा आधी ओढलास, मग गाठ मारलीस. गुरुजी तसंच शिकवायचे, मीही अजून तसाच काढतो. ‘स’पाशी जागा कमी पडली तेव्हा तो वर चढवलास, पोत्याच्या शिवणीपाशी चढवावा लागतो तसा. तू मान वर केलीस ती मिनाकडे बघायला. मिना रडत होती. संगिता नव्हती रडत, ती तुझ्या हाताकडे बघत होती.

मग कारकुनाने कागद माझ्याकडे सरकवला. आता तुमची, म्हणाला. मी पेन टेकवलं आणि हाताने आपोआप ‘प्रे’ काढला. मी थांबलो. ते खोडलं, तर कारकून म्हणाला खोडलेली सही चालत नाही. दुसऱ्या जागी लिहायला गेलो, तर ‘ज’ कुठून सुरू करायचा तेच सुचेना. वर्गात हजार वेळा फळ्यावर लिहिलेलं अक्षर, पण माझं नाव म्हणून ते मी एकदाही लिहिलेलं नव्हतं. तेव्हा तू आपल्या बोलीत, हळूच, मिनालासुद्धा ऐकू जाऊ नये असं म्हणालास, “न्हाई येत तर ऱ्हाऊ दे. अंगठा लाव.”

शाईची डबी तूच पुढे केलीस. माझा अंगठा तुझ्या हातात धरून टेकवलास, याडी लहानपणी काजळाचं बोट टेकवायची तसा. तू हसत होतास, आणि फलकाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसलास. कारकून म्हणाला, प्राध्यापक ना हो तुम्ही? मी म्हणालो, व्हय.

मिनाचं प्रमाणपत्र अठरा तारखेला हातात आलं, म्हणजे दोन दिवस राखून. माझी चौकशी पुढच्या महिन्यात सुरू होईल. तोवर वर्गावर जाऊ नका, असं सांगितलं आहे. काय होईल माहीत नाही. तू निरोप पाठवलास की तांड्यावर ये, घर आहे. येईन. रस्त्याने येईन, ओढ्याच्या अंगाने नाही.

एक विनंती आहे. वंशावळीत खालच्या ओळीला आता मिना आणि संगिता या दोघी सगळ्यांत जवळच्या आहेत. मिनाच्या सिद्धतेप्रमाणे हलती जोडी आता त्यांची. एकीच्या शिक्षणासाठी दुसरी घरी बसली, असं मला वहिनींकडून कळलं. मी कोणालाही दोष देत नाही, मला तो हक्कही नाही. पण मी सध्या घरीच आहे आणि शिकवणं सोडून दुसरं काही येत नाही. संगिताला अकरावीचा फॉर्म भरू दे. तिच्या स्वतःच्या नावाने.

खालची सही मी काल दिवसभर वहीच्या मागच्या पानांवर गिरवली. अजून सरळ येत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
जगन